संगणकाच्या पडद्यावरील लेखप्रतिमा व त्यांचें प्रमाण

(१) शिलालेख किंवा पोथी समोर ठेवून पाठ ठरविण्याचे दिवस आतां पुष्कळ अंशीं मागें पडले आहेत. शिळा देवळाच्या तुळईवर असते, पोथी संग्रहाच्या कपाटांत असते, आणि संशोधक आपल्या घरीं बसून संगणकाच्या पडद्यावर तिची प्रतिमा पाहून वाचन करीत असतो. ही सोय मोठी आहे व तिचा लाभ घेऊं नये असें कोणीहि शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. परंतु पडद्यावर जें दिसतें तें मूळ छायाचित्र नव्हे. खिडकीच्या मापाप्रमाणें लहान अथवा मोठी केलेली ती त्या छायाचित्राची एक नवी नक्कल असते, आणि चित्र दाखविणारी संगणक-प्रणाली ही तिची नकलकार होय. पोथीच्या नकलकाराचे गुणदोष आपण बारकाईनें पारखतों. त्यानें कोठें ओळ गाळली, कोठें पदरचें घातलें, कोठें न समजलेलें अक्षर समजल्यासारखें लिहिलें, याची नोंद ठेवितों. या नव्या नकलकाराची पारख मात्र आपण करीत नाहीं. ती कां व कशी करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

(२) प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा नाहीं, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. सोलापुराहून विजापुराकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मंद्रूप हें गांव दक्षिण सोलापूर तालुक्यांत मोडतें. त्याच तालुक्यांत भीमा व सीना या नद्यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल हें क्षेत्र आहे. तेथील संगमेश्वराच्या देवळांत एका तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा, लेख कोरलेला आहे. सोलापूरचे शिलालेख-संशोधक आनंद कुंभार यांच्या परिश्रमानें तो विद्वानांपुढें आला. त्याच्या अखेरीस एकच लहानसें मराठी वाक्य आहे; वाचणारा विजयी होईल, असें त्याचें तात्पर्य सामान्यतः सांगितलें जातें. मराठीच्या अगदीं जुन्या कालोल्लेखित वाक्यांत त्याची गणना होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. भाषेच्या प्राचीनतेचा असा अभिमान जागा असतां जुन्या लेखांतील एकेका अक्षराची साक्ष काढली जाणार हें उघड आहे. आणि साक्षीदारास उभें करण्यापूर्वीं तो कोणत्या वाटेनें आला हें पाहणें आपलें काम आहे.

(३) सदर वाक्य छापील पुस्तकांत व वृत्तपत्रांत एकाच रूपानें येत नाहीं. कोणी पहिला शब्द ‘वाछि’ असा देतात, कोणी ‘वांछि’ असा देतात; पुढील शब्दावरहि कोठें अनुस्वार आढळतो, कोठें आढळत नाहीं. हा भेद क्षुल्लक नव्हे. अनुस्वार नसेल तर वाचकाचें मन ‘वाच्’ या धातूकडे जातें आणि वाक्य वाचणाऱ्यास उद्देशून आहे असें दिसतें. अनुस्वार असेल तर संस्कृत ‘वांछ्’ धातूची आठवण होते व इच्छा करणाऱ्याचा अर्थ डोकावूं लागतो. एका ठिपक्यानें वाचणारा जातो आणि इच्छिणारा येतो. या पाठाचा निर्णय येथें करावयाचा नाहीं. तो निर्णय शिळा व तिचा उत्तम ठसा यांवरच झाला पाहिजे. कोणाच्या संगणकावरील कोणत्या तरी मापाच्या चित्रांत ठिपका दिसला किंवा दिसला नाहीं, एवढ्यावर तो होतां कामा नये, इतकेंच सांगावयाचें आहे. कोंकणांतील आक्षी येथील लेखाचा शक ९३४ कीं त्याहून पुष्कळ अलीकडचा, याविषयींहि विद्वानांत मतभेद आहे. तेथें वाद ठिपक्याचा नसून झिजलेल्या अंकांचा आहे. पण साधनाचा प्रश्न दोन्ही ठिकाणीं एकच.

(४) आपल्या पूर्वसूरींनीं हा प्रश्न ओळखला होता. शिळेवर ओला कागद बसवून, तो कुंचल्यानें ठोकून, वर शाईचा बोळा फिरविला कीं उंच भाग काळा होतो व कोरलेलें अक्षर पांढरें राहतें. हा ठसा मूळ शिळेएवढाच असतो. त्याचें प्रमाण एकास एक. तो छापतांना लहान करावा लागे, म्हणून ‘एपिग्राफिया इंडिका’च्या फलकांखालीं मूळाच्या एक-चतुर्थांश, एक-तृतीयांश, असें प्रमाण छापलेलें असे. जॉन फेथफुल फ्लीट यानें गुप्तांच्या लेखांचा जो खंड १८८८ सालीं प्रसिद्ध केला, त्यांतील फलक यांत्रिक रीतीनें ठशांवरून उतरविलेले आहेत. कोणी हातानें सफाई करून अक्षरें सुधारलेलीं चित्रें त्यानें पुराव्यास घेतलीं नाहींत. या शिस्तीमागील विचार साधा होता. वाचकास प्रतिमा कितीनें लहान झाली तें कळावें, आणि मधल्या मनुष्याचा हात तिला लागूं नये. आज प्रतिमा पूर्वीपेक्षां शतपट विपुल झाल्या आहेत. पण त्यांच्याखालील प्रमाण नाहींसें झालें, आणि मधला हात मनुष्याचा नसल्यामुळें तो आहे याचेंच विस्मरण झालें.

(५) हा मधला हात काय करितो तें थोड्या गणितानें पाहूं. संगणकांतील चित्र म्हणजे लहान लहान चौकटींचें जाळें; एकेका चौकटीस पिक्सेल म्हणतात. चोवीस दशलक्ष पिक्सेलांच्या सामान्य कॅमेऱ्याचें चित्र ६००० पिक्सेल रुंद व ४००० पिक्सेल उंच असतें. समजा, २५० मिलिमीटर लांबीचें पोथीचें एक पत्र या रुंदींत बरोबर मावलें. तर दर मिलिमीटरास २४ पिक्सेल येतात, आणि अर्ध्या मिलिमीटराचा अनुस्वार १२ पिक्सेल रुंदीचा, म्हणजे चांगला ठसठशीत, उमटतो. आतां हेंच पत्र एखाद्या प्रणालीनें यादीशेजारच्या ३०० पिक्सेलांच्या लहान खिडकींत दाखविलें. प्रमाण एकास वीस झालें. मूळच्या ४०० पिक्सेलांच्या चौकोनाच्या जागीं एकच पिक्सेल उरला. त्या एका पिक्सेलास कोणता रंग द्यावयाचा, येथेंच नकलकाराचा स्वभाव कळतो.

(६) पहिली रीत अशी कीं, त्या ४०० पैकीं एकच पिक्सेल उचलावा व बाकीचे टाकून द्यावे. ही रीत अत्यंत जलद आहे. बारा पिक्सेल व्यासाच्या वाटोळ्या ठिपक्याचें क्षेत्रफळ सुमारें ११३ पिक्सेल भरतें. म्हणून उचललेला पिक्सेल ठिपक्याच्या आंत पडण्याचा संभव शेंकडा २८. पडला तर पूर्ण काळा ठिपका दिसतो. न पडला तर ठिपक्याचा मागमूसहि राहत नाहीं. शंभर अनुस्वारांपैकीं सरासरीनें बहात्तर नाहींसे होतात, आणि उरलेले अठ्ठावीस इतके स्पष्ट दिसतात कीं वाचकास चित्रावर अविश्वास ठेवण्याचें कारणच सांपडत नाहीं. दुसरी रीत सर्व ४०० पिक्सेलांची सरासरी काढण्याची. तींत ठिपका गळत नाहीं. पण तो संपूर्णपणें एका चौकोनांत बसला तरी शेंकडा २८ इतकाच काळा होतो, आणि दोन किंवा चार चौकोनांत विभागला गेला तर त्याहूनहि फिका पडतो. पहिला नकलकार बहुतेक अनुस्वार गाळतो व कांहीं ठळक लिहितो. दुसरा सर्व लिहितो, पण पाण्यासारख्या शाईनें. दोघांच्याहि नकलेवरून अनुस्वार नाहीं असें म्हणण्याचा अधिकार वाचकास प्राप्त होत नाहीं. क्लॉड शॅननच्या १९४९ सालच्या निबंधानंतर सर्वमान्य झालेला नियम असा आहे कीं, जो बारकावा टिपावयाचा त्याच्या एका आवर्तनास निदान दोन नमुने पाहिजेत. वरील उदाहरणांत अनुस्वारास एक पूर्ण पिक्सेलहि वाट्याला आला नव्हता. जी वस्तु जाळींत सांपडण्याजोगीच नव्हती, ती सांपडली नाहीं म्हणून ती पाण्यांत नव्हतीच असें अनुमान करणें हा न्याय नव्हे.

(७) कोणती प्रणाली कोणती रीत वापरते, हें पाहिलें असतां आश्चर्य वाटतें. खिडक्या, बटणें व चित्रें मांडण्याचें जें साहित्य प्रणालीकार तयार घेतात, त्यांपैकीं टीके नांवाचें साहित्य फार प्रचारांत आहे; पायथॉन भाषेंत तें टीकिंटर या नांवानें मिळतें. त्यांत चित्र लहान किंवा मोठें करण्याच्या ज्या मूळच्या आज्ञा आहेत, त्या पूर्णांकांतच चालतात. दुप्पट, तिप्पट, निमपट, तिसरा हिस्सा एवढेंच त्यांना कळतें, आणि लहान करणें म्हणजे दर अमुकावा पिक्सेल ठेवून मधले टाकणें. सरासरी हवी असेल तर प्रणालीकारानें निराळें साहित्य जोडावें लागतें. क्यूटी या दुसऱ्या साहित्यांत चित्र मापास बसविण्याची आज्ञा काहींहि विशेष न सांगतां दिली, तर जलद रीत वापरली जाते, आणि त्याहून गंभीर म्हणजे लांबी-रुंदीचें परस्परप्रमाणहि राखलें जात नाहीं. तें राखण्यास स्वतंत्रपणें सांगावें लागतें. जावा भाषेच्या चित्रसाहित्यांतहि न सांगतां मिळणारी रीत सर्वांत जवळचा पिक्सेल उचलण्याचीच आहे. हे दोष लपविलेले नाहींत. त्या त्या साहित्याच्या माहितीपत्रकांत तें स्पष्ट लिहिलेलें असतें. परंतु ज्यानें संग्रहासाठीं चार दिवसांत एक प्रणाली बांधून दिली त्यानें तें वाचलें आहे कीं नाहीं, हें पडद्यासमोर बसलेल्या संशोधकास कळण्याचा मार्ग नसतो.

(८) परस्परप्रमाण मोडल्यानें काय होतें, हें पोथ्यांच्या संग्राहकांस विशेष रीतीनें कळेल. पोथीचें पत्र लांबट असतें; लांबी उंचीच्या अडीचपट धरा. तें चौरस खिडकींत प्रमाण न राखतां बसविलें, तर प्रत्येक अक्षर रुंदीच्या मानानें अडीचपट उंच होतें. वाटोळें अक्षर निमुळतें दिसतें, आडवा फांटा तोकडा होतो, काना लांब भासतो. अक्षरवटिकेवरून काल ठरविणाऱ्याचा सर्व भरंवसा याच गोष्टींवर असतो. इतका मोठा विपर्यास डोळ्यांस लगेच खटकेल, हें खरें. पण शेंकडा दहापांचाचा विपर्यास खटकत नाहीं, आणि दोन पोथ्यांचीं अक्षरें शेजारीं ठेवून ‘एक हात कीं दोन हात’ हा वाद चालला असतां तेवढाहि पुरेसा होतो.

(९) आतां ठशाविषयीं एक स्वतंत्र गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिची वाच्यता क्वचितच होते. संगणक प्रकाशाची मात्रा ० पासून २५५ पर्यंतच्या अंकांत नोंदवितो. पण हे अंक प्रकाशाच्या समप्रमाणांत नसतात. मनुष्याच्या डोळ्यास अनुरूप व्हावें म्हणून ते वांकविलेले असतात, आणि १२८ हा अंक निम्मा प्रकाश नसून सुमारें शेंकडा २२ प्रकाश दाखवितो. निम्म्या प्रकाशास सुमारें १८८ हा अंक लागतो. बहुतेक प्रणाली सरासरी काढतांना हें ध्यानांत न घेतां अंकांचीच सरासरी काढतात. परिणामीं लहान केलेलें चित्र असावें त्याहून काळें होतें. पोथींत अक्षर काळें व पत्र पांढरें असल्यामुळें ही चूक बारीक रेघेच्या पथ्यावर पडते. ती थोडी अधिक गडद दिसते. ठशांत सर्व उलट असतें. तेथें जमीन काळी व अक्षर पांढरें. वरच्याच उदाहरणांतील शेंकडा २८ पांढरा ठिपका काळ्यावर घेतला, तर अंकांच्या सरासरीनें ७१ हा अंक येतो, आणि ७१ या अंकाचा प्रकाश अवघा शेंकडा ६ भरतो. ज्यास अठ्ठावीस भाग प्रकाश मिळावयाचा त्यास सहाच मिळाला. तात्पर्य, तीच प्रणाली, तेंच प्रमाण व तीच रीत असतांहि पोथींतील अनुस्वार तगून राहतो आणि ठशांतील अनुस्वार बुडतो. शिलालेखाच्या वाचकानें पोथीच्या वाचकाच्या अनुभवावर विसंबूं नये, याचें हें कारण आहे. उपाय अगदीं सोपा आहे : ठसा लहान करून पाहण्यापूर्वीं काळ्याचें पांढरें करून एकदां पाहावा व दोन्ही रूपें ताडावीं. एकींत जें दिसतें व दुसरींत दिसत नाहीं, तें मूळ मापांत जाऊन तपासावें.

(१०) लहान करण्यांत गळती होते, तशी मोठें करण्यांत भरती होते. मूळ चित्रांत जेवढे पिक्सेल आहेत त्यांहून अधिक पिक्सेल पडद्यावर दाखवावयाचे, म्हणजे मधले पिक्सेल कोठून तरी आणलेच पाहिजेत. जवळच्या पिक्सेलाची पुनरावृत्ति करणारी रीत चौकटी चौकटी दाखविते. ती डोळ्यांस कुरूप असली तरी प्रामाणिक आहे, कारण माहिती कोठें संपली हें ती झांकत नाहीं. शेजारच्या चार पिक्सेलांची वजनवार सरासरी घेणारी रीत चित्र गुळगुळीत करिते. सोळा पिक्सेल घेऊन वक्र बसविणारी रीत, जिचें शास्त्र रॉबर्ट कीज यानें १९८१ सालीं मांडलें, ती कडा अधिक रेखीव ठेविते. पण तींत कांहीं पिक्सेलांस ऋण वजन दिलेलें असल्यामुळें काळ्या रेघेच्या कडेला मूळांत नसलेली उजळ किनार उमटते. लांचोशच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या रीतींतहि हा दोष आहे. गिंप या चित्रप्रणालीच्या २०१८ सालच्या २.१० या आवृत्तींत ‘नोहॅलो’ व ‘लोहॅलो’ अशा दोन रीती दिल्या आहेत. हॅलो म्हणजे ही किनार. ती टाळणें हाच या रीतींचा हेतु असून तो त्यांच्या नांवांतच आला आहे. आतां शिळेवरील चीर घ्या. चिरेच्या कडेस अशी उजळ किनार बसली कीं ती छिन्नीनें कोरलेल्या, उतार असलेल्या रेघेसारखी दिसूं लागते. शिळेवरील टवका आणि कोरलेला ठिपका यांचा भेद ज्या कडेवरून करावयाचा, तीच कड नकलकारानें आपल्या पदरची घातलेली असते.

(११) याच्याहि पुढची पायरी अलीकडे आली आहे. असंख्य चित्रें पाहून शिकलेल्या प्रणाली अंधुक चित्राचें स्पष्ट चित्र करून देतात. त्या मधले पिक्सेल गणितानें काढीत नाहींत; अशा ठिकाणीं बहुधा काय असतें याचा तर्क करून तें रेखाटतात. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत तयार झालेल्या अशा एका प्रणालीस २०२० सालीं बराक ओबामांचें अंधुक चित्र दिलें असतां तिनें एका गोऱ्या मनुष्याचा चेहरा काढून दिला, हें प्रसिद्ध आहे. ज्या प्रणालीनें आजची छापील देवनागरी लाखों वेळां पाहिली, ती शके ९४० च्या झिजलेल्या अक्षरास कोणतें वळण देईल हें सांगण्यास ज्योतिषी नको. अशी प्रतिमा शोभेसाठीं ठेवावयाची तर ठेवावी. पुराव्याच्या वर्गांत तिला जागा नाहीं. फ्लीटनें हातानें सफाई केलेलीं चित्रें ज्या कारणासाठीं नाकारलीं, त्याच कारणासाठीं ही नाकारली पाहिजे.

(१२) नकलेची नक्कल हा संग्राहकांच्या परिचयाचा विषय आहे; या क्षेत्रांतहि तो जसाचा तसा आढळतो. उत्तम प्रणाली मूळ चित्र स्मृतींत जसेंच्या तसें ठेविते आणि खिडकीचें माप बदललें कीं दर वेळीं मूळावरून नवी नक्कल करिते. घाईनें बांधलेली प्रणाली दाखविलेल्या नकलेवरूनच पुढची नक्कल करिते. खिडकी एकदां लहान करून पुन्हां मोठी केली कीं गेलेला तपशील परत येत नाहीं. आणि दहा वेळां असें झालें कीं दहाव्या पिढीची पोथी हातांत येते. दोष ओळखण्याची रीत सोपी आहे. खिडकी अगदीं लहान करावी, पुन्हां पूर्ववत् करावी. चित्र धुरकट झालें तर ती प्रणाली संशोधनाच्या उपयोगाची नाहीं. दुसरें असें कीं, हल्लींच्या पडद्यांवर अक्षरें फार बारीक दिसूं नयेत म्हणून विंडोजसारखी कार्यप्रणाली सर्वच कांहीं सव्वापट किंवा दीडपट करून दाखविते. ज्या जुन्या प्रणालीस याची जाणीव नाहीं, तिची तयार झालेली खिडकीच ताणली जाते. प्रणाली ‘शंभर टक्के’ असें सांगत असतांहि डोळ्यांपुढें ताणलेलें चित्र असतें. म्हणजे एका नकलकारानें काम संपविल्यावर दुसरा त्यावर आपली लेखणी चालवून जातो.

(१३) येथें एक आक्षेप येण्याजोगा आहे. कोणी म्हणेल कीं, लहान चित्र हें केवळ ओळखीसाठीं असतें. वाचतांना संशोधक तें मोठें करून पाहतोच, मग एवढा खल कशास? आक्षेप अर्धा खरा आहे. जो पूर्ण मापाच्या मूळ चित्रापर्यंत जातो त्यास यांतील बहुतेक भय नाहीं. परंतु व्यवहार तसा चालत नाहीं. शेंकडों पत्रांतून कोणतें उघडून पाहावें हा निर्णय लहान चित्रांवरूनच होतो. ज्या पत्राच्या समासांत बारीक अक्षरांत पुष्पिका आहे, तें कोरें समजून बाजूस सारलें जातें. शिवाय एकानें दुसऱ्यास प्रतिमा पाठवावयाची झाली तर पुष्कळदां मूळ चित्र न पाठवितां पडद्याचेंच चित्र पाठविलें जातें, किंवा मोबाइलवरून तें धाडतांना वाटेंत आणखी लहान होतें. दुसऱ्या संशोधकाच्या हातीं मूळ म्हणून जें येतें, तें वस्तुतः तिसऱ्या-चौथ्या पिढीचें असतें. आणि तो तेंच मोठें करून त्यावर वाद घालतो.

(१४) यंत्रानें काढलेल्या नकलेवर डोळे मिटून विश्वास ठेवल्याचे परिणाम इतर क्षेत्रांत दिसून आलेले आहेत. २०१३ सालीं डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, झेरॉक्स कंपनीच्या कांहीं यंत्रांनीं काढलेल्या प्रतींत सहाच्या जागीं आठ असे अंक बदललेले होते. सारखीं दिसणारीं चिन्हें एकच समजून जागा वांचविण्याच्या रीतीचा तो परिणाम होता. अंक अंधुक झाले नव्हते. ते स्वच्छ व सुवाच्य, पण चुकीचे होते. पुढें कंपनीनें त्यावर दुरुस्ती काढली. ज्यांचा सारा व्यवहार शकाच्या तीनचार अंकांवर चालतो, त्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. नोव्हेंबर २०२१ मध्यें अमेरिकेंत केनोशा येथील एका खुनाच्या खटल्यांत, आयपॅडवर बोटांनीं मोठें केलेलें चित्र पुराव्यांत घेण्यास बचावपक्षानें हरकत घेतली. मोठें करतांना नवे पिक्सेल भरले जातात, असें त्याचें म्हणणें होतें. न्यायाधीशानें तसें होत नाहीं हें सिद्ध करण्याचा भार फिर्यादी पक्षावर टाकला. ती हरकत किती योग्य होती याविषयीं तज्ज्ञांत दुमत असेल. पण प्रश्न योग्य होता, आणि तो विचारण्याची संवय न्यायालयास आहे. इतिहास हेंहि एक न्यायालयच आहे. तेथें हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं, हें भूषण नव्हे.

(१५) एवढें लिहिल्यावर यंत्रावरच राग काढणें अन्यायाचें होईल. दोष यंत्राचा नसून अव्यक्त राहिलेल्या निवडीचा आहे, आणि ती निवड व्यक्त करणाऱ्या चांगल्या प्रणाली उपलब्ध आहेत. इरफान श्किलयान यानें १९९६ सालीं काढलेल्या इरफानव्ह्यू या प्रणालींत चित्राचें माप बदलतांना जलद पण हलकी रीत व सावकाश पण चांगली रीत या दोन्ही वेगळ्या दाखविल्या आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेंत वेन रॅस्बँड यानें १९९७ च्या सुमारास तयार केलेली इमेजजे ही प्रणाली वैद्यकीय सूक्ष्मचित्रांसाठीं असली, तरी तींत चित्रांतील ज्ञात अंतर देऊन पिक्सेलाचें मिलिमीटराशीं नातें बांधतां येतें. ही सोय ठशाच्या वाचकास जशी कांहीं त्याच्याचसाठीं केली असावी. २०११ पासून ग्रंथालयांनीं मिळून वाढविलेल्या आयआयआयएफ या पद्धतींत चित्राचा कोणता भाग, कोणत्या मापांत, हें मागणींतच लिहिलेलें असतें. म्हणून एकानें पाहिलेला तुकडा दुसऱ्यास तंतोतंत पाहतां येतो. १८८८ च्या फलकाखालील ‘एक-चतुर्थांश’ या दोन शब्दांचें काम या पद्धतीनें आजच्या साधनांत पुन्हां सुरू केलें आहे. जें हरवलें होतें तें मिळविण्याची साधनें आहेत. कमी आहे ती शिस्त.

(१६) म्हणून पुढील नियम संग्राहकांनीं व नियतकालिकांनीं पाळावे अशी सूचना करावीशी वाटते. पहिला : छायाचित्र घेतांना मोजपट्टी चित्रांत असावी, आणि ती अक्षरांच्याच पातळीवर ठेवलेली असावी, मोजपट्टी चित्राबरोबरच लहानमोठी होत असल्यामुळें पुढें कितीहि नकला झाल्या तरी प्रमाण हरवत नाहीं. शिळेचें चित्र तिरप्या प्रकाशांत, निदान दोन दिशांनीं, घ्यावें. कोरलेल्या ठिपक्याची सावली प्रकाशाबरोबर बाजू बदलते, डागाची बदलत नाहीं. दुसरा : मूळ चित्र जसें कॅमेऱ्यांतून आलें तसें, माप न बदलतां, वेगळें जपावें; कामाच्या नकला त्यावरून कराव्या, नकलेवरून नव्हे. तिसरा : प्रसिद्ध केलेल्या प्रतिमेखालीं प्रमाण, माप बदलण्याची रीत, आणि काळ्यापांढऱ्याचा फेर केला असल्यास तो, हीं तीन एका ओळींत लिहावीं. चौथा : संशयित अक्षर मोठें करून छापावयाचें तर तें पूर्णांकाच्या पटींत, पिक्सेलांच्या चौकटी दिसतील असें एकदां छापावें, गुळगुळीत केलेलें शेजारीं ठेवण्यास हरकत नाहीं. पांचवा : अनुस्वार, रेफ, ऱ्हस्व-दीर्घ व अंक यांविषयींचा कोणताहि नवा पाठ पडद्यावरील प्रतिमेच्या आधारें सुचविला असेल, तर तो शिळेवर किंवा ठशावर ताडून पाहीपर्यंत संशयचिन्हांत ठेवावा.

(१७) यांपैकीं एकाहि नियमास द्रव्य लागत नाहीं. मोजपट्टी कोणत्याहि दुकानांत मिळते, आणि चित्राखालीं एक ओळ लिहिण्यास दोन पळें पुरतात. मंद्रूपच्या परिसरांतील, किंवा भीमेच्या दोन्ही तीरांवरील, देवळांच्या तुळया, खांब व विरगळ आज हातांतील मोबाइलनें कोणीहि टिपतो. हीं चित्रें टिपणारे बहुतेक हौशी लोक असतात. त्यांच्या हौसेवरच पुढील पिढीच्या अभ्यासाची पुष्कळशी मदार आहे, कारण दगड झिजतो, रंगाचे हात चढतात, जीर्णोद्धारांत लेख भिंतींत जातो. ज्या दिवशीं मूळ उरणार नाहीं, त्या दिवशीं यांतील एखादें चित्रच मूळ ठरेल. त्या वेळच्या वाचकास तें किती लहान झालें आहे, कोणी केलें, कोणत्या रीतीनें केलें, हें कळलें पाहिजे. नाहीं तर कुडलच्या कोरक्यानें ज्या विजयाचें आश्वासन दिलें आहे तो आपल्या वाचणाऱ्यास मिळाला, कीं नुसता इच्छिणाऱ्यास, याचा निवाडा करण्याचें साधनच त्याच्यापाशीं राहणार नाहीं.